अंक, रेषा आणि हात : मुंबईच्या अमूर्त चित्रकलेतील एक उपेक्षित प्रकरण

डिजिटल हा शब्द बोट ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघालेला आहे. मनुष्य प्रथम बोटांवर मोजावयास शिकला, आणि जे बोटांवर सुटे सुटे मोजता येते ते डिजिटल, असा त्या शब्दाचा मूळ भाव. मराठीत त्यास अंकीय हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. त्याच्या जोडीचा अॅनालॉग हा शब्द मात्र मराठीत नीटसा रुजला नाही. पाऱ्याच्या तापमापकातील पारा चढतो तेव्हा तो पायऱ्यांनी चढत नाही, सलग चढतो; कुंचल्याने ओढलेल्या फराट्यातील रंग गडद होतो तोही टप्प्याटप्प्याने नव्हे, सलग. म्हणून प्रस्तुत लेखात अॅनालॉग प्रक्रियेस सलग प्रक्रिया असे म्हटले आहे. अंकीय आणि सलग हा भेद यंत्र आणि हात ह्यांचा भेद नव्हे. हाताने अंकीय काम करता येते, आणि यंत्राने सलग. ग्रामोफोनची तबकडी हे यंत्रच, पण तिच्यावरील खाच सलग आहे. उलट पैठणीच्या पदरावर धागे मोजून मोर काढणारा विणकर हाताने काम करीत असला तरी त्याचे काम अंकीय आहे.

हा भेद आरंभीच स्पष्ट करण्याचे कारण असे की, मुंबईतील अमूर्त चित्रकलेत अंकीय प्रक्रिया केव्हा शिरली ह्या प्रश्नाचे प्रचलित उत्तर त्या भेदाकडे दुर्लक्ष करून दिले जाते. घरोघरी संगणक आले, १९९० नंतर काही चित्रकारांनी ते हाताळले, शाई फवारणाऱ्या मुद्रणयंत्रावर चित्रे निघू लागली आणि अंकीय चित्रकला सुरू झाली, असे हे उत्तर आहे. यंत्राच्या खरेदीची तारीख हीच कलेच्या आरंभाची तारीख मानण्याचा हा प्रकार आहे. मुंबईतील पुरावा निराळे सांगतो. येथे अंकीय विचार चित्रकाराच्या कामात संगणकापूर्वी सुमारे २५ वर्षे आला. तो कागदावर, हाताने, शाईने आला. आणि त्याचा कर्ता ज्या पिढीचा होता तिला आपल्याकडील कलासमीक्षा केवळ तैलरंगांची पिढी म्हणून ओळखते.

त्या काळी पाश्चात्य देशांत काय चालले होते ते थोडक्यात पाहावयास हवे. १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मायकेल नोल ह्या अभियंत्याने डच चित्रकार पीट मोंद्रियान ह्याच्या १९१७ च्या रेषांच्या एका रचनेसारखे चित्र संगणकाकडून काढून घेतले, आणि मूळ चित्राचे छायाचित्र व हे नवे चित्र अशी जोडी १०० जणांपुढे ठेवली. त्यांतील ५९ जणांना संगणकाचे चित्र अधिक आवडले. संगणकाचे कोणते हे केवळ २८ जणांनी अचूक ओळखले. १९६५ मध्ये स्टुटगार्ट आणि न्यूयॉर्क येथे संगणकनिर्मित चित्रांची पहिली प्रदर्शने झाली, आणि १९६८ मध्ये लंडन येथे जेशिया रायकार्ट ह्यांनी भरविलेल्या प्रदर्शनाने हा विषय सर्वतोमुखी केला. परंतु येथे ज्यांच्याशी खरी तुलना करावयास हवी त्या पॅरिसमधील हंगेरियन चित्रकर्त्री व्हेरा मोल्नार ह्या होत. त्यांच्या हाती प्रत्यक्ष संगणक १९६८ मध्ये आला. त्यापूर्वी सुमारे ९ वर्षे त्या स्वतःला काही नियम घालून देत आणि ते नियम यंत्रवत् पाळून हातानेच चित्रे काढीत. ह्या पद्धतीस त्यांनी कल्पित यंत्र असे नाव दिले होते. संगणक आल्यावर पद्धत बदलली नाही, वेग बदलला.

मुंबईत संगणक नव्हते असे मात्र नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडविलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला, आणि १९६४ मध्ये त्याच संस्थेत सी.डी.सी. ३६०० हे त्या काळी फार मोठे गणले जाणारे यंत्र बसविण्यात आले. ह्याच संस्थेच्या कुलाब्यातील इमारतीत होमी भाभा ह्यांनी आधुनिक भारतीय चित्रांचा संग्रह उभा केला. हुसेन ह्यांचे भव्य भित्तिचित्र तेथे आहे; वासुदेव गायतोंडे ह्यांची चित्रे तेथे आहेत. अर्थात ज्या छपराखाली देशातील सर्वांत शक्तिमान गणकयंत्र चालत होते त्याच छपराखाली देशातील उत्तम अमूर्त चित्रे टांगलेली होती. भिंतीवरील चित्र आणि यंत्र ह्यांची भेट मात्र झाली नाही. गायतोंडे ह्यांच्यासारखा चित्रकार रोलरने आणि रंगपट्टीच्या सुरीने रंगाचे थर चढवी, उतरवी, आणि मग दिवसेंदिवस नुसता पाहत बसे. सलग प्रक्रियेचे ह्याहून शुद्ध उदाहरण शोधून सापडणार नाही. त्या कामात मोजण्याजोगे काही नाही, असेच कोणीही म्हणेल.

हा सांधा जुळला तो अकबर पदमसी ह्यांच्या कामात. पदमसी ह्यांचा जन्म मुंबईत १९२८ साली झाला, सर जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९५१ च्या सुमारास ते रझा ह्यांच्याप्रमाणेच पॅरिसला गेले. त्यांच्या चित्रांपैकी १९५९-६० मधील करड्या रंगाच्या चित्रांचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे. रंगांचा मोह टाळून काळा आणि पांढरा ह्यांच्या दरम्यानच्या छटांत भव्य पट रंगविण्याचा हा प्रयोग होता. त्यांतील एका चित्राचे नाव जुहू असे आहे. दोन टोके निश्चित करावयाची आणि सारे चित्र त्या दोहोंमधल्या अंतरात घडवावयाचे, ही शिस्त पुढील कामाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली.

१९६९ मध्ये पदमसी ह्यांना जवाहरलाल नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली. तिचा विनियोग त्यांनी स्वतःच्या चित्रांसाठी केला नाही. मुंबईत नेपियन सी रोडवरील एका सदनिकेत त्यांनी व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप ह्या नावाची कार्यशाळा उघडली. तेथे छायाचित्रणाची अंधारखोली होती, १६ मिलिमीटर चित्रपटाचे साहित्य होते, अम्लरेखनाची सोय होती. चित्रकार, चित्रपटकार, छायाचित्रकार, मानसशास्त्रज्ञ असे लोक तेथे येत. कार्यशाळा १९७२ पर्यंत, म्हणजे अवघी तीन वर्षे चालली. संस्था म्हणून तिचे आयुष्य अल्प ठरले, आणि त्यामुळेच तिचा इतिहास दीर्घकाळ कोणी लिहिला नाही. अलीकडे नॅन्सी अडजानिया ह्यांच्यासारख्या समीक्षकांनी नवमाध्यम कलेचा पूर्वेतिहास म्हणून तिची दखल घेतली आहे.

ह्या कार्यशाळेत पदमसी ह्यांनी सिझिजी हा चित्रपट केला. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात त्या स्थितीस ज्योतिषशास्त्रात हे नाव आहे. अमावास्या आणि पौर्णिमा ह्या दोन्ही तिथींना ती स्थिती येते. चित्रपट कृष्णधवल आहे, मूक आहे आणि सुमारे ११ मिनिटांचा आहे. त्यात मनुष्य नाही, वस्तू नाही, निसर्ग नाही. बिंदू आहेत, रेषा आहेत, आणि त्यांच्या परस्परसंबंधांतून होणाऱ्या रचना आहेत. ह्या रचनांसाठी पदमसी ह्यांनी संख्यासंबंधांची एक योजना आखली, तिच्या आधारे जवळजवळ १,००० रेखाटने हाताने केली, आणि राम मोहन ह्या अॅनिमेशनतज्ज्ञाच्या साहाय्याने ती चित्रफितीवर उतरविली.

येथे थोडे गणित केले तर ह्या कृतीचे स्वरूप स्पष्ट होते. सेकंदास २४ चौकटी ह्या गतीने ११ मिनिटांच्या चित्रपटात १५,८४० चौकटी होतात. १,००० रेखाटने त्यांत वाटली तर एकेक रेखाटन सरासरीने सोळाएक चौकटी, म्हणजे सुमारे दोनतृतीयांश सेकंद पडद्यावर राहते. व्यंगपटात चौकटी इतक्या जवळ आणतात की डोळा फसावा व गती सलग भासावी. येथे ते गणित मुद्दाम निराळे आहे. रचना सरकत नाही, बदलते. प्रेक्षकास एक अवस्था दिसते, मग दुसरी. चित्रपट हे माध्यम सलगतेचा भास निर्माण करण्यासाठी जन्मास आले, आणि पदमसी ह्यांनी त्यातून सुटेपणा बाहेर काढला. नियम अंकीय, अवस्था सुट्या. परंतु प्रत्येक रेषा हाताने ओढलेली, चित्रफितीच्या रासायनिक लेपावर प्रकाशाने उमटलेली आणि म्हणून किंचित थरथरणारी. अंकीय व सलग ह्या प्रक्रियांचा मिलाफ म्हणतात तो हाच. त्यासाठी संगणक लागला नाही. मोल्नार ह्यांचे कल्पित यंत्र पॅरिसमध्ये जे करीत होते तेच नेपियन सी रोडवर चालले होते, एवढेच नव्हे तर त्याला काळाचे परिमाणही जोडले गेले होते.

मराठी वाचकास ह्या कृतीची रीत वाटते तितकी परकी नाही. अंगणात अगोदर ठिपके काढावयाचे, ते मोजून. सात ते एक, किंवा अकरा ते सहा, असा त्यांचा हिशेब आधी ठरतो. मग ते जोडणारी रेषा बोटांतून सुटणाऱ्या पिठीने ओढावयाची. ठिपका चुकला तर रांगोळी चुकते, परंतु ठिपके बरोबर असूनही रेषेत हात दिसतोच. शेजारणीची रांगोळी ओळखू येते ती त्यामुळेच. पदमसी ह्यांनी रांगोळीवरून प्रेरणा घेतली असा दावा येथे करावयाचा नाही. तसा दावा करणे सोपे आहे आणि म्हणूनच संशयास्पद आहे. त्यांच्यामागे उभी असलेली परंपरा संस्कृत काव्याची होती. अभिज्ञानशाकुंतलाच्या नांदीत शिवाच्या आठ मूर्तींपैकी दोन, सूर्य आणि चंद्र, कालाचे विधान करणाऱ्या म्हणून सांगितल्या आहेत. पदमसी ह्यांच्या मेटास्केप नावाच्या पुढील चित्रमालिकेचा ह्या कल्पनेशी संबंध त्यांनी स्वतः सांगितला आहे. काल मोजणारे दोन अंक, आणि त्यांच्यामधले न मोजता येणारे आकाश, हा विषय सिझिजी ह्या नावातच आहे. रांगोळीचा दाखला दिला तो एवढ्यासाठीच की, मोजलेला बिंदू आणि न मोजलेली रेषा ह्यांच्या संयोगाला कलाव्यापार मानण्यासाठी मराठी मनास परदेशी सिद्धांताची गरज पडू नये.

कार्यशाळेतील दुसरे उल्लेखनीय नाव नलिनी मालानी ह्यांचे. १९६९ मध्ये त्यांनी ड्रीम हाउसेस हा छोटा रंगीत चित्रपट केला. वास्तूची प्रतिकृती, रंगीत प्रकाश आणि चौकटीमागून चौकट घेतलेले चित्रण ही त्याची साधने. पुढे १९७६ मध्ये चित्रित केलेल्या कृष्णधवल भागाशी त्याची जोडी लावून युटोपिया ही दोन पडद्यांची कृती त्यांनी सिद्ध केली. मालानी ह्यांचा कल नंतर अमूर्तापासून दूर गेला, म्हणून येथे एवढ्यावर थांबणे योग्य.

पदमसी ह्यांचा दुसरा चित्रपट ह्याच सुमाराचा. त्याचे नाव इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर, अर्थात बाष्पकोठीतील घटना. बाष्पकोठी हे पदार्थविज्ञानाचे उपकरण आहे. बाष्पाने भरलेल्या कोठीतून विद्युत्भारित कण गेला की त्याच्या मार्गावर सूक्ष्म थेंब जमतात आणि धुक्याची रेघ उमटते. कण एक, सुटा, मोजण्याजोगा; त्याची खूण मात्र सलग, धूसर आणि क्षणभंगुर. टाटा संस्थेच्या उटी येथील वैश्विक किरणांच्या केंद्रात अशाच बाष्पकोठ्यांनी संशोधन चालले होते. त्याच संस्थेतील आर. नरसिंहन् ह्यांनी १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात बुद्बुदकोठीतील छायाचित्रे संगणकाने वाचण्याच्या प्रश्नावर काम केले होते. चित्र म्हणजे रेषाखंडांचे वाक्य, आणि ते वाक्य वाचावयाचे तर चित्राचे व्याकरण बांधावे लागते, अशी त्यांची भूमिका होती. शास्त्रज्ञ कणाच्या सलग रेघेचे अंकांत रूपांतर करीत होता आणि चित्रकार अंकांची रेघ करीत होता. दोन्ही प्रयत्न एकाच शहराशी निगडित असले तरी त्यांच्यात कार्यकारणसंबंध जोडण्याचे कारण नाही. पण त्या दशकातील मुंबईच्या बौद्धिक वातावरणाचा विचार करताना ही दोन टिपणे एकाच पानावर लिहावी लागतात.

ह्या दुसऱ्या चित्रपटात पदमसी ह्यांनी स्वतःच्याच एका तैलचित्रातील आकार घेऊन ते रंगीत प्रकाशाने पडद्यावर पुन्हा बांधले. त्यास गीता साराभाई ह्यांचे इलेक्ट्रॉनिक संगीत होते. लांबी सहा मिनिटांच्या आसपास. चित्रण रिव्हर्सल फितीवर झाले होते. सामान्य चित्रफितीत आधी निगेटिव्ह तयार होते आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघतात. रिव्हर्सल फितीत जी फीत कॅमेऱ्यातून जाते तीच धुऊन दाखविण्याची प्रत होते. खर्च कमी, पण मूळ व प्रत एकच. ती एकमेव प्रत प्रदर्शनासाठी दिल्लीस पाठविली गेली, आणि त्यानंतर हरवली.

येथे एक विचित्र स्थिती उत्पन्न होते. तैलचित्राची एकच प्रत असते हे सर्वमान्य आहे, म्हणून ते जपले जाते. त्याचा विमा उतरवितात, त्यावर पहारा ठेवतात. चित्रपटाच्या अनेक प्रती असतात हेही सर्वमान्य आहे, म्हणून एखादी प्रत गेली तर कोणी घाबरत नाही. पदमसी ह्यांची फीत स्वभावाने तैलचित्र होती आणि रूपाने चित्रपट. पहिल्याची अपूर्वता तिला होती, तिला संरक्षण मिळाले दुसऱ्याच्या तोलाचे. दोन प्रक्रियांच्या सीमेवर उभ्या राहिलेल्या कृतीस ही किंमत द्यावी लागली. सिझिजी टिकला, आणि तो हरवला असता तरी योजना व रेखाटने ह्यांच्या बळावर तो पुन्हा बांधता येण्याची निदान तात्त्विक शक्यता होती. जे नियमाने बांधले होते ते नियमातून परत येऊ शकले असते. जे नजरेने आणि प्रकाशाने बांधले होते ते फितीबरोबर गेले.

२०१६ मध्ये आशिम अहलुवालिया ह्या चित्रपटकाराने पदमसी ह्यांना बरोबर घेऊन ह्या हरवलेल्या कृतीच्या पुनर्निर्मितीचा प्रयत्न केला आणि त्याच नावाचा चित्रपट सिद्ध केला. पदमसी तेव्हा ८८ वर्षांचे होते. आधार होता तो वृद्ध चित्रकाराच्या स्मरणाचा. हा चित्रपट हृद्य आहे ह्यात शंका नाही. परंतु अभ्यासकाने त्यास मूळ कृतीच्या जागी ठेवू नये. हरवलेल्या हस्तलिखिताविषयी वृद्ध पंडिताची मुलाखत घ्यावी आणि तिलाच संहिता म्हणावे, तसे ते होईल. मूळ कृतीविषयीचा तो उत्तरकालीन साधनग्रंथ आहे, आणि तसा म्हणून फार मोलाचा आहे.

अमूर्त चित्रकलेची मुंबई म्हणजे काळा घोडा, जहांगीर कलादालन आणि जे. जे. चे आवार, असा समज दृढ आहे. अंक आणि हात ह्यांच्या संबंधाचा पुढचा अध्याय मात्र उपनगरांत घडला. सांताक्रूझच्या पूर्वेस वाकोला, त्याला लागून कलिन्यातील विद्यापीठाची विद्यानगरी, लोहमार्ग ओलांडला की पश्चिमेस जुहू, आणि ईशान्येस काही मैलांवर पवई, एवढाच हा टापू. पवईच्या तंत्रशास्त्र संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले. जुहू येथे टाटा संस्थेतून निघालेल्या शाखेचे १९८५ मध्ये राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र झाले. पदमसी ह्यांच्या करड्या चित्राला ज्या वस्तीचे नाव होते तेथेच पंचवीस वर्षांनी संगणकीय रेखनाचे संशोधन सुरू झाले, हा निव्वळ योगायोग आहे. पण असे योगायोग नोंदविण्यास हरकत नसावी.

ह्या दोन्ही संस्थांशी र. कृ. जोशी ह्यांचा संबंध होता. १९३६ साली जन्मलेले जोशी हे सुलेखनकार, कवी आणि जाहिरातक्षेत्रातून अध्यापनाकडे वळलेले कलावंत. त्यांच्या सुलेखनात अक्षर अर्थ सोडून आकार होऊ लागे, आणि तेथून अमूर्त चित्र हाकेच्या अंतरावर असे. बोरूच्या तिरप्या टोकातून देवनागरीची जाडबारीक रेषा निघते. हात वळतो तशी जाडी पालटते, आणि ती कोठे पालटली हे बोट ठेवून दाखविता येत नाही. संगणकास मात्र ते दाखवावेच लागते. वक्ररेषेवरील निवडक बिंदूंची स्थाने आणि वळणाची दिशा अंकांत सांगितली की उरलेला वक्र यंत्र काढते. कोणते बिंदू निवडावयाचे, हा प्रश्न गणिताचा नाही. हात जाणणाऱ्यालाच त्याचे उत्तर देता येते. जुहूच्या केंद्रात सिद्ध झालेल्या विन्यास ह्या अक्षररचनाप्रणालीत जोशी ह्यांचा हा जाणता हात होता. पुढे मंगल हा देवनागरी टंक त्यांच्याकडून आला आणि कित्येक वर्षे मराठीतील बहुसंख्य संगणकीय मजकूर त्याच टंकात वाचला गेला. रांगोळीतील ठिपका आणि रेषा ह्यांचाच हा दुसरा प्रयोग; एवढेच की येथे रेषा आधी होती आणि ठिपके नंतर शोधावे लागले.

१९९० नंतर पदमसी स्वतः संगणकाकडे वळले. ह्या कामास त्यांनी कॉम्प्युग्राफिक्स असे नाव दिले. ह्या चित्रांचा विषय बहुधा मानवी आकृती आहे, आणि काळ्या-पांढऱ्याच्या दरम्यानच्या छटा हेच त्यांचे द्रव्य आहे. म्हणजे साठ सालच्या करड्या चित्रांची शिस्त येथे परत आली. गंमत अशी की, संगणक हाती आल्यावर पदमसी ह्यांनी त्याच्याकडून सलग छटांचे काम करवून घेतले, आणि संगणक नसताना त्यांनी हाताने अंकीय काम केले होते. यंत्राची तारीख हाच कलेचा आरंभ मानणाऱ्या इतिहासाला ही उलटापालट समजावून देता येत नाही. त्याच दशकात बैजू पार्थन ह्यांनी संगणकाच्या अंतर्रचनेचे शिक्षण घेऊन चित्र आणि संकेतावली ह्यांची सांगड घालण्यास प्रारंभ केला. ते काम अमूर्तापेक्षा प्रतीकांच्या जवळचे असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

पदमसी ह्यांचे ६ जानेवारी २०२० रोजी कोइमतूर येथे निधन झाले. त्यांच्या तैलचित्रांची नोंद आता लिलावगृहांच्या सूचींत अचूक ठेवली जाते. ग्रीक लँडस्केप ह्या १९६० च्या करड्या चित्रास २०१६ मध्ये १९ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली. ज्या वर्षी हे घडले त्याच वर्षी त्यांचा हरवलेला चित्रपट आठवणीतून पुन्हा उभा केला जात होता. संगणकावरील कामाची अडचण तिसऱ्याच प्रकारची आहे. १९९० नंतरच्या दशकातील चकत्या वाचणारी यंत्रे बाजारातून गेली आहेत, त्या काळच्या कार्यप्रणालींवर चालणारी रेखनसाधने नव्या यंत्रांवर उघडत नाहीत, आणि छापील प्रतीतील शाई प्रकाशाने उतरते. अंकांत साठविलेले चित्र अविनाशी असते ही कल्पना कागदावरच्या हजार रेखाटनांपुढे फारशी टिकत नाही. कागद निदान उघडून पाहता येतो.